शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे : विश्रांती, व्यायाम आणि श्रम यांचे अर्थकारण

आरोग्य हा मानवी भांडवलाचा पाया आहे, हे विधान विकासाच्या अर्थशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते. तथापि आरोग्यावरील आपली चर्चा बहुधा रुग्णालयाच्या दारापाशी येऊन थांबते. खाटा किती, डॉक्टर किती, विम्याचे संरक्षण किती लाखांचे, हे प्रश्न आपण विचारतो. मात्र शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या व्यक्तीचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात स्त्रियांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या एका शस्त्रक्रियेच्या, म्हणजेच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेच्या, आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. शस्त्रक्रियेनंतर शरीर पुन्हा हालचालीला, व्यायामाला व श्रमाला कसे लागते, त्यासाठी किती काळ लागतो आणि त्या काळाची किंमत कोण मोजते, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे वळण्यास एक व्यक्तिगत कारणही घडले. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखिकेवर ही शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांची वैद्यकीय रजा मिळाली, वेतन चालू राहिले आणि रोज किती मिनिटे चालावे, कोणता व्यायाम कधी सुरू करावा, याचा छापील तक्ता रुग्णालयातून निघतानाच हाती पडला. घरी धुण्याभांड्यांच्या कामास येणाऱ्या बाईंची हीच शस्त्रक्रिया त्याआधी दोन वर्षे झालेली होती. त्या अठराव्या दिवशी कामावर हजर झाल्या होत्या. त्यांचे त्या दिवसांचे पैसे मी कापले नाहीत. परंतु "आणखी महिनाभर येऊ नका, पगार मिळेल" असेही मी म्हटले नाही. पाण्याची बादली त्या दोन्ही हातांनी धरून, थांबत थांबत नेत होत्या, हे मी पाहिले होते. त्याचा अर्थ मला कळला तो स्वतःच्या रजेच्या तिसऱ्या आठवड्यात. एकच शस्त्रक्रिया, एकच शहर, परंतु पुनर्प्राप्तीचा काळ मात्र भिन्न. हा फरक वैद्यकीय नसून आर्थिक आहे.

प्रश्नाची व्याप्ती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेविषयीची माहिती २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून देशव्यापी स्वरूपात उपलब्ध झाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वर्षे वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. राष्ट्रीय सरासरी लहान वाटली तरी राज्याराज्यांतील तफावत मोठी आहे. आंध्र प्रदेशात हे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर तेलंगणात सुमारे ८ टक्के आहे. बिहार व गुजरात ही राज्येही सरासरीच्या वर आहेत. ईशान्येकडील बहुतेक राज्यांत मात्र ते बरेच कमी आहे. दहापैकी सुमारे सात शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी अतिरक्तस्राव किंवा वेदना हे कारण सांगितले.

याहून महत्त्वाची बाब वयाची आहे. या वयोगटात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांचे वय शस्त्रक्रियेच्या वेळी पस्तिशीच्या आत होते. भारतीय स्त्रियांची पाळी नैसर्गिकरीत्या साधारणतः पंचेचाळिशीनंतर जाते, हे लक्षात घेता हे वय फारच लवकरचे आहे. पस्तिशी हा श्रमशक्तीच्या दृष्टीने ऐन उमेदीचा काळ होय. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर श्रमाकडे परतण्याचा प्रश्न उतारवयातील स्त्रियांचा नाही. तो शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर आणि घरात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे.

शरीर पूर्वपदावर कसे येते?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे शरीरशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व हिशेब त्यावर अवलंबून आहे.

गर्भाशय तीन मार्गांनी काढले जाते : पोटावर छेद घेऊन, योनीमार्गे किंवा दुर्बिणीद्वारे. दुर्बिणीद्वारे केलेली पहिली शस्त्रक्रिया १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइख यांनी केली. पोटावरील छेदानंतर पूर्ववत होण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. इतर दोन मार्गांनंतर स्त्री लवकर हिंडूफिरू लागते. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बाहेरचे छेद बोटाच्या पेराएवढे असतात व ते लवकर बुजतात. परंतु गर्भाशय काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला आतून घातलेले टाके भरून येण्यास तेवढाच काळ लागतो. बाहेरून दिसणारी जखम हे आतल्या जखमेचे मोजमाप नव्हे.

जखमेची ताकद एकाएकी येत नाही. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ती मूळ ताकदीच्या काही टक्के एवढीच असते. तिसऱ्या आठवड्यात ती सुमारे एकपंचमांश होते आणि तीन महिन्यांच्या सुमारास ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. ती पुन्हा शंभर टक्के कधीच होत नाही. या काळात जड वजन उचलणे, जोर लावणे, जोराने खोकणे यांमुळे पोटातील दाब वाढतो आणि तो थेट टाक्यांवर व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. टाके उसवणे, हर्निया होणे, पुढे अंग बाहेर येणे किंवा लघवीवरील नियंत्रण सुटणे, हे धोके त्यातून संभवतात.

मग पडून राहावे काय? याचेही उत्तर नकारार्थी आहे आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात एफ्रेम मॅकडॉवेल या शल्यचिकित्सकाने जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या बीजांडकोशाची सुमारे दहा किलो वजनाची गाठ भूल न देता काढली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास गेले, तर बाई स्वतःचे अंथरूण आवरत होत्या. पंचविसाव्या दिवशी त्या घरी परतल्या आणि पुढे १८४२ पर्यंत जगल्या. तरीही पुढील शतकभर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे अंथरुणावर निश्चल राहणे हाच नियम मानला गेला. १८९९ मध्ये शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी रुग्णांना एक-दोन दिवसांतच उठवावे, असे प्रतिपादन केले. पण ते मान्य होण्यास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. युद्धकाळात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्याने रुग्णांना लवकर उठवणे भाग पडले आणि त्यांची प्रकृती अधिक चांगली राहते, असे दिसून आले. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतर त्वरित पूर्वपदावर आणण्याची सुसूत्र पद्धती मांडली. आज तिचा स्वीकार जगभर झाला आहे.

या इतिहासाचे सार असे की, पूर्ण निश्चलता आणि अवेळी श्रम हे दोन्ही घातक आहेत. हितकारक आहे ती हळूहळू वाढत जाणारी हालचाल.

व्यायामाच्या पायऱ्या

सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीसाठी या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात. शस्त्रक्रियेचा प्रकार, रक्तक्षय, मधुमेह इत्यादींनुसार त्यांत बदल होतो आणि अंतिम निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

पहिला आठवडा : दीर्घ श्वसन, पावले व घोटे वरखाली हलवणे आणि दिवसातून अनेकदा खोलीतल्या खोलीत चालणे. यामुळे पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा व फुप्फुसांच्या संसर्गाचा धोका कमी होतो. अंथरुणातून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे; खोकताना पोटावर उशी धरावी.

दुसरा ते चौथा आठवडा : रोज दोनदा सपाट जागेवर चालणे, दहा मिनिटांपासून सुरुवात करून झेपेल तसे वाढवणे. लघवीची नळी काढल्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन-प्रसरण सुरू करता येते. हा व्यायाम १९४८ मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी शास्त्रीय स्वरूपात मांडला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या काळात दोन-तीन किलोंहून अधिक वजन उचलू नये.

पाचवा व सहावा आठवडा : अर्धा तास चालणे, हलकी घरकामे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. पुढील पायरी त्यानंतरच चढावी. शरीरसंबंधही तोवर टाळावेत.

सहा ते बारा आठवडे : भरभर चालणे, सायकल, जखम पूर्ण भरून स्राव थांबल्यावर पोहणे आणि पोटावर ताण न देणारी आसने. नौकासन, कपालभाती यांसारखे पोटातील दाब वाढवणारे प्रकार, धावणे, उड्या आणि जड वजन यांची घाई करू नये. ती तीन महिन्यांनंतर व क्रमाक्रमाने सुरू करावीत.

ताप, ताजा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, जखमेवर लाली किंवा पू, पोटरीत दुखून सूज येणे, अचानक धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

बीजांडकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचे परिणाम एकाएकी सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होण्याची प्रक्रिया वेगावते. अशा स्त्रीला व्यायामाची गरज इतरांहून अधिक असते. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीनेही काही महिन्यांत या पातळीला पोहोचणे अपेक्षित आहे.

व्यायाम आणि श्रम : मूलभूत भेद

कष्टकरी स्त्रियांविषयी बोलताना "त्यांना वेगळ्या व्यायामाची काय गरज? काम हाच त्यांचा व्यायाम" असे म्हटले जाते. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. व्यायामात भार किती, वेग किती, काळ किती आणि थांबायचे केव्हा, या चारही गोष्टी करणाऱ्याच्या हाती असतात. मजुरीच्या कामात त्या चारही गोष्टी दुसऱ्याच्या हाती असतात. वर दिलेल्या पायऱ्यांचा आत्मा म्हणजे भाराची क्रमशः वाढ. आणि नेमकी तीच श्रमाच्या बाजारात उपलब्ध नसते. पंधरा लिटर पाण्याचे भांडे पंधरा किलोंहून जडच असते; ते तिसऱ्या आठवड्यात पाच किलोंचे होत नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोडणीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखो मजूर सुमारे पाच-सहा महिन्यांच्या हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल' घेतली जाते व ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडली जाते. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन वाहनात चढवणे, हे बहुधा स्त्रीचे काम. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो. मजुरी तर बुडतेच, वर दंडही होतो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जी माहिती आली, तीनुसार बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या कित्येक पट आहे.

हिशेब कसा मांडला जातो?

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका स्त्रीची रोजची मजुरी ४०० रुपये आहे. पाळीच्या त्रासामुळे महिन्याला दोन दिवस बुडत असतील, तर पाच महिन्यांच्या हंगामात तिचे ४,००० रुपये बुडतात. 'पिशवी काढली की कटकट संपली' हा सल्ला तिला या आकड्यामुळे पटतो. आता दुसरी बाजू पाहू. सहा आठवडे विश्रांती घेतल्यास, आठवड्याचे सहा दिवस याप्रमाणे, तिचे ३६ दिवस व १४,४०० रुपये बुडतील. म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्च शून्य मानला तरी बचतीतून ही रक्कम भरून निघण्यास साडेतीनहून अधिक हंगाम लागतील. शिवाय कोयता जोडीचा असल्याने नवऱ्याचे कामही अडले, तर हे नुकसान दुप्पट, म्हणजे २८,८०० रुपये होते.

यावर उपाय म्हणून ती पंधराव्या दिवशीच कामावर जाते. आता बुडालेले दिवस केवळ १२ व रक्कम ४,८०० रुपये. कागदावर ९,६०० रुपये वाचले. परंतु ही बचत नव्हे. न भरलेल्या जखमेवर काढलेले ते कर्ज आहे. त्याची फेड पुढील वीस वर्षांच्या कंबरदुखीतून, अंग बाहेर येण्यातून व घटलेल्या कार्यक्षमतेतून होते. यंत्राची देखभाल टाळून नफा वाढवून दाखवणारा कारखानदार जी चूक करतो, तीच चूक येथे होते. फरक एवढाच की, कारखानदार ती स्वेच्छेने करतो.

सैद्धांतिक चौकट

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे चार संकल्पनांच्या साह्याने पाहावे.

पहिली, आरोग्यभांडवल. मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे भांडवलाचा साठा म्हणून पाहिले. या साठ्याचा घसारा होतो व गुंतवणुकीने तो भरून काढता येतो. या गुंतवणुकीत औषधोपचारांइतकाच वेळही अंतर्भूत आहे, हा त्या मांडणीचा महत्त्वाचा भाग होय.

दुसरी, वेळेची किंमत. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये कुटुंबाच्या वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली तरी विश्रांतीचा संधिव्यय शून्य होत नाही. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे मजुरीतून सुट्टी मिळाली तरी चूल, पाणी व धुणे यांतून सुट्टी मिळत नाही.

तिसरी, माहितीची असममितता. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याला ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते. अतिरक्तस्रावावर औषधे, संप्रेरकयुक्त तांबीसारखी गर्भाशयात बसवण्याची साधने, केवळ गाठ काढणे असे पर्याय बहुतांश वेळा उपलब्ध असतात; रुग्णाला ते सांगितले जातातच असे नाही.

चौथी, प्रेरणांची रचना. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळत असत. रुग्णालयाला शस्त्रक्रियेचे पैसे मिळत. औषधांनी बरे करण्याचे वा शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचे तसे मिळत नसत. पुढे बिहार व छत्तीसगडमध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी झाल्या आणि २०१३ मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेला.

या चारही संकल्पना एकत्र ठेवल्यास एक निष्कर्ष निघतो : पुनर्प्राप्तीच्या काळाची किंमत कोणत्याच हिशेबात न धरल्यामुळे शस्त्रक्रिया प्रत्यक्षाहून स्वस्त भासते, आणि म्हणून ती गरजेहून अधिक प्रमाणात होते. विश्रांतीची उपेक्षा आणि शस्त्रक्रियांचा अतिरेक हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत.

धोरण आणि त्यातील पोकळी

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांत राष्ट्र, राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची आणि चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष ठेवण्याची तरतूद आहे. डॉ. नरेंद्र गुप्ता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना व केंद्रशासित प्रदेशांना ही तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. शस्त्रक्रियेपूर्वीच्या टप्प्यावरील हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या टप्प्याचे चित्र मात्र वेगळे आहे. मातृत्व लाभ कायदा, १९६१ मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांची व स्त्री-नसबंदीनंतर दोन आठवड्यांची सवेतन रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी कायम आहेत. परंतु गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र रजा त्यांत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नसबंदीसाठी स्त्रीला १४ दिवस पूर्ण वेतनाइतका लाभ मिळतो. गर्भाशयाची शस्त्रक्रिया मात्र सर्वसाधारण आजारपणात मोडते, ज्यासाठी वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला कमाल ९१ दिवस लाभ मिळू शकतो. हा लाभही संघटित क्षेत्रापुरता आहे. देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्वयंरोजगारात असून नियमित वेतनावर सुमारे १६ टक्केच आहेत, हे २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून दिसते. उरलेल्यांना रजा देणार कोण?

प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे व रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधोपचारही त्यात येतो. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र त्यात नाही. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'आरोग्य आसरा' योजनेत नेमून दिलेल्या शस्त्रक्रियांनंतर विश्रांतीच्या काळासाठी दिवसाला २२५ रुपये, महिन्याला कमाल ५,००० रुपये, अशी मदत ठेवण्यात आली होती. विश्रांती हा उपचाराचाच भाग असून तिचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, हे तत्त्व या योजनेने मान्य केले, हे तिचे महत्त्व होय.

अशी मदत दिल्यास शस्त्रक्रियांना उत्तेजन मिळेल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो व तो विचारार्ह आहे. त्याचे उत्तर मदतीच्या रचनेत शोधावे लागेल. मदत रुग्णालयाला न देता थेट स्त्रीच्या खात्यात द्यावी. ती टप्प्याटप्प्याने द्यावी. आणि चाळिशीच्या आतील शस्त्रक्रियांसाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या मताची अट असावी. विश्रांतीचा खर्च शासनावर पडू लागला की, अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यात शासनाचाही आर्थिक हितसंबंध निर्माण होईल.

देखभालीची व्यवस्था नव्याने उभारण्याचीही गरज नाही. नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशात २०११ पासून राबवला जातो. त्यात आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी जाते. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे म्हणजेही ४२ दिवसच. प्रशिक्षण व मानधन देऊन त्याच धर्तीवर भेटी आखता येतील : जखम पाहणे, धोक्याची लक्षणे विचारणे, चालणे व श्वसनाचे व्यायाम शिकवणे आणि घरच्यांना वजनाची मर्यादा समजावून सांगणे. आपल्या समाजाला ही कल्पना अपरिचितही नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना आपण मानतो; उत्तर भारतातही 'जापा' पाळला जातो. जन्म देणाऱ्या शरीराला विश्रांती हवी, हे परंपरेने ओळखले. शस्त्रक्रियेतून गेलेल्या शरीरालाही ती हवी, हे ओळखणे बाकी आहे, कारण तेथे पाळण्यात बाळ नसते.

समारोप

शस्त्रक्रियेनंतर व्यायामाकडे परतणे हा वरकरणी खासगी आणि वैद्यकीय विषय आहे. तथापि चालण्याची दहा मिनिटे पंधरा करावयाची की डोक्यावर मोळी घ्यावयाची, हा निर्णय स्त्रीच्या प्रकृतीपेक्षा तिच्या उत्पन्नाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. सवेतन रजा, विश्रांतीकाळातील मदत आणि घरापर्यंत पोहोचणारा सल्ला या तीन गोष्टी मिळाल्यास सहा आठवडे हा विशेषाधिकार न राहता उपचाराचा भाग बनेल. शासकीय तरतुदींची वाट पाहत असताना, ज्यांच्या घरी वा आस्थापनेत एखादी स्त्री मजुरीने काम करते, त्यांना यातील पहिली गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखिकेने ती वेळेवर केली नव्हती, म्हणून तिचा येथे उल्लेख केला.

सरावासाठी प्रश्न

१. 'उपचार विनामूल्य असले तरी आजारपण विनामूल्य नसते.' संधिव्ययाच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.

२. माहितीची असममितता व प्रेरणांची रचना यांमुळे आरोग्यसेवेच्या बाजारात अनावश्यक उपचार कसे वाढतात, ते सोदाहरण लिहा.

३. असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतिकाळातील आर्थिक मदतीची योजना आखताना कोणती पथ्ये पाळाल? त्यावरील संभाव्य आक्षेपांचा परामर्श घ्या.

४. व्यायाम आणि श्रम यांतील भेद स्पष्ट करून, मानवी भांडवलाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशद करा.